बिनबुडाचं शिंकं

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस हरियानातून एक बातमी आली. रोहतक जिल्ह्यातल्या एका गावात सोळा वर्षांचा एक मुलगा बास्केटबॉलचा सराव करत होता. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेला मुलगा. त्यानं उडी मारून रिंगला हात घातला आणि खांबासकट सगळा सांगाडा त्याच्या छातीवर कोसळला. त्याच सुमारास बहादूरगडलाही असाच एक खांब कोसळून पंधरा वर्षांचा मुलगा गेला. वर्तमानपत्रांत दोन दिवस छायाचित्रं आली, मग बातमी आतल्या पानावर गेली आणि नाहीशी झाली.

ज्या दिवशी ती वाचली, त्याच रात्री सांगलीहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. एरवी तिचा फोन आला की आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी होते, मग साताऱ्यातल्या थंडीची. त्या रात्री तिनं काहीच विचारलं नाही. थेट म्हणाली, "अरे, आपले खांब तू शेवटचे कधी बघितलेस?"

आमच्या घरात बास्केटबॉलचे दोन खांब. एक साताऱ्याला माझ्या अंगणात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. दुसरा सांगलीला अक्काच्या मागल्या दारी, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही मीच उभे केलेले. म्हणजे घामाचं काम गवंड्याचं आणि वेल्डिंगवाल्याचं. माझ्याकडे चुका करण्याचं खातं होतं. अक्काच्या प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि शिडी काढली. शिडीवर उभं राहून जे जे आठवलं, ते इथं मांडतो आहे. घरी मुलांसाठी असा काही खेळ मांडण्याचा कुणाचा विचार असेल, तर त्यांना माझ्या चुका तरी फुकट मिळतील.

कॅलेंडरची भिंत

साल २०१२. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. शाळेच्या संघात तिची निवड झाली आणि तिसऱ्याच दिवशी ती तोंड पाडून घरी आली. संघात होती, पण राखीव. मैदानावर रिंगा दोन, खेळणारी मुलं चाळीस, आणि मुलींची पाळी मुलांचं झाल्यावर. तोवर अंधार पडायचा. "बाबा, घरी एक रिंग लावाल का?" तिनं विचारलं. मी लगेच हो म्हटलं. लहानपणी मला हवी ती बॅट मिळाली नव्हती, हे एक कारण. आणि भिंतीला एक लोखंडी कडं ठोकायचं, त्याला असं काय लागतं, हा भाबडा समज, हे दुसरं.

बाजारातून रिंग आणली, सुताराकडून प्लायवूडचा बोर्ड कापून घेतला. जागा ठरवली गाडी ठेवायच्या शेडच्या भिंतीवर. भिंत साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची. भोकं पाडायला ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि मान हलवली. "सायेब, ही भिंत नुसती आडोशाची हाय. हिच्यावर क्यालेंडर टांगा, ह्ये नगं."

मी कुठला ऐकतो! शिकलेला माणूस. मिस्त्री गेल्यावर स्वतःच भोकं पाडली, त्यांत लाकडी गट्ट्या ठोकल्या, वर चार स्क्रू पिळले. रिंग दिमाखात उभी राहिली. संध्याकाळी शेजारच्यांना पेढेसुद्धा वाटले.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मुलगी पाणी प्यायला आत आली, आणि बाहेर धाडकन आवाज झाला. बोर्ड, रिंग, चारी गट्ट्या आणि भिंतीचा मोठा पोपडा, सगळं खाली. जिथं वाकून ती चेंडू उचलायची, बरोबर तिथं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिची आई एक शब्द बोलली नाही, तेच जास्त झोंबलं.

असं का झालं, ते नंतर मिस्त्रींनीच पहारीचं उदाहरण देऊन समजावलं. चेंडूचं वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. ते कुठलीही भिंत सोसते. पण रिंगचा पुढचा काठ भिंतीपासून दोन फूट पुढे आलेला असतो. त्या टोकावर बसणारा प्रत्येक ठोसा पहारीसारखा काम करतो. खालचे स्क्रू भिंतीत दाबले जातात आणि वरचे बाहेर ओढले जातात. रोज दोनशे वेळा ओढल्यावर अर्ध्या विटेतली लाकडी गट्टी किती दिवस धरणार?

तेव्हा पहिला धडा हा. रिंग भिंतीलाच लावायची, तर ती नऊ इंची पक्क्या विटेची भिंत हवी, नाहीतर काँक्रीटचा बीम. बोल्ट आरपार जायला हवेत, मागच्या बाजूला लोखंडी पट्टी आणि प्रत्येकाला दोन-दोन नट. गच्चीच्या कठड्याला तर रिंग कधीच लावू नये. कठडा माणसानं टेकायला असतो, चेंडूचा मार खायला नाही, आणि तो पडलाच तर खालच्या रस्त्यावर पडतो.

दहा फुटांचं गणित

दुसऱ्या वेळी मिस्त्री म्हणतील ते करायचं ठरवलं. भिंतीचा नाद सोडून अंगणात खांब घ्यायचा. दोन फूट चौरस आणि तीन फूट खोल खड्डा खणला. त्यात चार इंची जाड लोखंडी पाइप ओळंब्यात उभा करून काँक्रीट ओतलं. खांब नेमका रिंगखाली येऊ नये म्हणून वरून पुढे आलेला हात जोडला. तरीही धावत आलेलं मूल खांबावर आपटू शकतं, म्हणून छातीएवढ्या उंचीपर्यंत जुन्या गादीचा पट्टा गुंडाळला. पाइपचं वरचं तोंड वेल्डिंग करून बंद केलं. या बारीकशा गोष्टीला मी तेव्हा काडीचं महत्त्व दिलं नव्हतं. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारायचं आणि पुढे पंधरा दिवस बोर्ड चढवायचा नाही, असा मिस्त्रींचा दंडक होता. मुलगी रोज शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी खांबाजवळ जायची आणि विचारायची, "वाळलास का रे?"

जागा निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. विजेची तार डोक्यावरून जात नाही ना. शेजाऱ्यांची खिडकी बोर्डाच्या मागे येत नाही ना. आणि संध्याकाळचं ऊन खेळणाराच्या डोळ्यांत जात नाही ना. शक्य असेल तर खेळणाराचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला यावं. अंगण फार मोठं लागत नाही. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून पंधरा फुटांवर असते. तेवढी सपाट जागा मिळाली की मुलांचं निम्मं काम होतं. चौथी गोष्ट नकाशात नसते. दुपारी दोन ते चार चेंडू आपटायचा नाही. वामकुक्षी मोडलेला शेजारी तुटलेल्या काचेपेक्षा महाग पडतो.

मापं मात्र नियमाप्रमाणे घ्यावीत, नाहीतर मुलाच्या हाताला घरी एक सवय लागते आणि मैदानावर दुसरीच लागते. रिंगचा आतला व्यास अठरा इंच, तिचा जवळचा काठ बोर्डापासून सहा इंच, आणि जमिनीपासून उंची दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये हीच उंची २.६० मीटर, म्हणजे साडेआठ फूट धरतात. मूल वाढतं, खांब वाढत नाही. म्हणून मिस्त्रींनी पुढे सांगलीच्या खांबाला दोन उंचींची भोकं आधीच पाडून ठेवली.

आता दहा फूटच का? मुलीनं हा प्रश्न मला विचारला तेव्हा मी "नियमच आहे तसा" असं बापाला शोभणारं उत्तर दिलं होतं. खरी हकिगत गमतीची आहे. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडक हिवाळा आणि आत कोंडलेले दांडगे विद्यार्थी. त्यांच्यासाठी घरात खेळता येईल असा खेळ शोधायचा होता. नेस्मिथनी शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी काही मिळाली नाहीत. शिपायानं पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा होता दहा फुटांवर. जगभरच्या रिंगा आज ज्या उंचीवर आहेत ती अशी एका सज्जानं ठरवली.

त्या टोपल्यांना बूड शाबूत होतं. चेंडू आत पडला की कुणीतरी शिडी लावून तो काढायचा. पहिल्या सामन्यात नऊ-नऊ खेळाडू होते आणि गोल झाला एकच, त्यामुळे शिडीवाल्याचं निभावलं. पुढे टोपलीच्या जागी लोखंडी कडं आलं, कड्याला जाळी आली, आणि मग कुणाला तरी सुचलं की जाळीला बूड नसलं तर शिडीचं कामच राहणार नाही. वायएमसीएच्याच लोकांनी हा खेळ हिंदुस्थानात आणला. १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला. पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत बास्केटबॉलची रिंग अजून अप्रुपाचीच गोष्ट. आमच्या मिस्त्रींनी जाळी पहिल्यांदा हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि निकाल दिला, "शिंकं हाय, पन बूड इसरलंय!"

बारा फास

मिस्त्रींचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्या आजोळी दुधाचं भांडं मांजरापासून वाचवायला तुळईला शिंकं टांगलेलं असायचं. बैलानं उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून त्याला जाळीचं मुसकं बांधायचे. दोरीच्या जाळीशी आपलं नातं जुनं आहे. फक्त ही जाळी काही धरून ठेवत नाही आणि काही अडवतही नाही. क्षणभर चेंडूला मिठी मारते आणि सोडून देते. नियमातही जाळीचं काम एवढंच सांगितलं आहे की चेंडू आतून जाताना तो निमिषभर थबकला पाहिजे. म्हणून जाळी वर रिंगएवढी रुंद आणि खाली निमुळती असते. लांबी सुमारे दीड फूट.

जाळीला वर बारा फास असतात आणि रिंगला खाली बारा आकडे. पहिल्या वेळी मी एका बाजूनं सुरुवात करून ओळीनं फास अडकवत गेलो. शेवटी एक आकडा उरला आणि फास संपले. सगळी जाळी लुळ्या पायासारखी एका अंगाला लोंबत होती. खरी रीत घड्याळाची आहे. आधी बारा, मग समोरचे सहा, मग तीन आणि नऊ. चार टोकं धरली की मधले दोन-दोन आपोआप जागेवर येतात. प्रत्येक फास आकड्यावर चढवायचा, अर्धा पीळ द्यायचा आणि पुन्हा त्याच आकड्यावर टाकायचा, म्हणजे चेंडूच्या हिसक्यानं तो सुटत नाही. नवी जाळी आखडलेली असते, तिच्यात चेंडू अडकून बसतो. मग हातानं चेंडू पंधरा-वीस वेळा आतून दाबून काढायचा. नव्या चपलेसारखंच, वापरल्याशिवाय सैल होत नाही.

जाळ्यांचे प्रकार तीन. सुती जाळी दिसायला देखणी आणि आवाजाला गोड, पण पाणी पिते, आखडते आणि साताऱ्याच्या पावसात तिला बुरशी धरते. नायलॉनची जाळी पावसाला भीत नाही. तिचा वैरी ऊन. दोन उन्हाळे काढले की धागा पांढुरका आणि ठिसूळ होतो, बोटात चुरला तर कुसं निघतात. पॉलिएस्टरची जाळी उन्हात जरा जास्त टिकते. साखळीची जाळी वर्षानुवर्षं जाते, पण गंजते, बोटं सोलते आणि तिच्या खणखणाटानं गल्ली जागी होते. घरासाठी मी जाड नायलॉनचीच घेतो आणि दर वर्षी बदलतो.

दर वर्षी का, त्याला कारण आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात आमची पहिली जाळी फाटली. आधी एक फास सुटला, मग दोन, मग एका वळवाच्या पावसात उरलेली चिंधी उडून शेजारच्या आंब्यावर गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, जाळी आणायची आहे." मी म्हटलं, आणू. शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू. पण कधी दुकान बंद, कधी माझी मीटिंग, कधी नुसताच कंटाळा. रिंग शाबूत होती, चेंडू होता, खेळायला काय हरकत? दोन महिने गेले. हळूहळू संध्याकाळचा चेंडूचा आवाज कमी झाला आणि एक दिवस थांबला. मला वाटलं, अभ्यास वाढला असेल. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

गणपतीत ती बोलता बोलता सहज म्हणाली, "जाळी नसली की चेंडू आतून गेला की बाहेरून, कळतच नाही बाबा. प्रत्येक वेळी स्वतःशीच भांडावं लागतं."

मी गप्प झालो. त्या अंगणात ती एकटी खेळायची. पंच नाही, जोडीदार नाही, टाळ्या वाजवायला कुणी नाही. 'पडली' हे तिला सांगणारी एकच गोष्ट होती, ती जाळी. तिचा तो सळ्ळकन आवाज म्हणजे तिची शाबासकी होती, आणि ती मी दोन महिने आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पुण्याला गेलो आणि एकदम चार जाळ्या घेऊन आलो. त्यानंतर संध्याकाळी मी खाली उभा राहून तिला चेंडू परत टाकायला लागलो. बास्केटबॉल मला आजही फारसं कळत नाही, पण आठवीतल्या मुलीशी बापानं काय बोलावं हा प्रश्न त्या चेंडूनं सोडवला. ती बारावीपर्यंत खेळली. पदक एकही नाही. राखीव मात्र राहिली नाही.

खंडेनवमीची शिडी

आपला हा भाग लाल मातीचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. सांगलीजवळच्या कवठे पिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. तालमीत लहानपणी ज्यांनी पाऊल टाकलंय त्यांना ठाऊक आहे, पैलवान आधी कुस्ती खेळत नाही, आधी हौदा खणतो. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची, खडा दिसला की वेचायचा. माती राखणं हा व्यायामाचाच भाग. बाजारातून आणलेल्या खेळाच्या बाबतीत आपण हे विसरतो. वस्तू आणून दिली की आपलं कर्तव्य संपलं, असं आपल्याला वाटतं.

म्हणून मी एक दिवस ठरवून टाकला, खंडेनवमीचा. त्या दिवशी घरातली हत्यारं पुसून पुजायची रीत आहेच; त्यांत पाना, हातोडी आणि शिडी यांची भर घातली. पाऊस सरलेला असतो आणि काम कोरडं होतं. सगळे नट पान्यानं आवळायचे. रिंगवरचा गंज काचकागदानं घासून आधी रेड ऑक्साइड आणि मग ऑइलपेंट मारायचा. आकडे वाकलेत का ते बघायचं. बोर्डाच्या कडांना रंग आहे ना ते पाहायचं, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेनं. शेवटी जाळी चढवायची. ती मृगाच्या आधीच उतरवलेली असते; साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, पापडांच्या डब्याशेजारी ठेवलेली. अजिंक्यताऱ्यावरून वारा-पाऊस आडवा येतो तेव्हा तिला वर ठेवण्यात अर्थ नसतो. मुलांना दोन नियम. खेळताना बोटात अंगठी नको. आकड्यात अडकली तर बोट घेऊन जाते. आणि रिंगला लोंबकळायचं नाही.

हा दुसरा नियम मी साताऱ्यात पाळून घेतला. सांगलीत तो पाळला जातो की नाही, हे कधी विचारलं नाही.

जाळीवरची रेघ

सांगलीचा खांब २०१७ चा. अक्काचा नातू तेव्हा आठ वर्षांचा होता. सुट्टीत साताऱ्याला आला आणि जाताना रिंगेचा हट्ट घेऊन गेला. त्याची रिंग साडेआठ फुटांवर बसवली, म्हणजे जाळीचं खालचं टोक सात फुटांवर.

सातारा आणि सांगली ही आमच्यासाठी एकाच नदीची दोन टोकं. कृष्णा आमच्याकडे महाबळेश्वरी उगम पावते, माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, आणि मग ती अक्काच्या मागल्या दारी जाते. आमच्याकडे पाऊस पडला की अक्का दोन दिवसांनी नदी बघते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिनं बघितली ती नदी नव्हतीच. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अक्का, भाचा, सून, नातू आदल्या रात्रीच विश्रामबागेला नातेवाइकांकडे गेले म्हणून वाचले.

पाणी उतरल्यावर आम्ही मदतीला गेलो. घरात मांडीएवढा गाळ. कपाटं आडवी, धान्य कुजलेलं, अक्काच्या लग्नातला पितळी हंडा दुसऱ्याच्या दारात. परसात बोर्डाचं प्लायवूड फुगून पुस्तकासारखं उलगडलं होतं. खांब मात्र उभा, आणि रिंगला जाळीही तशीच. वरची निम्मी पांढरी, खालची निम्मी चॉकलेटी, आणि मध्ये सुतासारखी सरळ रेघ. पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर कुठं धड दिसत नव्हतं, जाळीवर दिसत होतं. दहा वर्षांचा नातू तिच्याखाली जाऊन उभा राहिला. रेघ त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. तो काही बोलला नाही. आठवडाभर त्यानं चेंडूला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी मी साताऱ्याहून नवी जाळी घेऊन गेलो. अजून गॅस आलेला नव्हता, चुलीवर पिठलं चाललं होतं. बोर्डाशिवायच जाळी चढवली. पोरानं तीन चेंडू बाहेर टाकले, चौथा आत गेला. स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, "पडली रे!" तिनं बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. जुनी जाळी मी टाकायला निघालो तर तिनं ती हातातून काढून घेतली, तीन पाण्यांतून खळबळून काढली, खालून सुतळीनं बांधली आणि त्यात लसूण भरून टांगली. शिंक्याला शेवटी बूड मिळालं. रेघ अजून पुसट दिसते.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, या वेळी कमी. २०२२ साली नातवाची रिंग दहा फुटांवर नेली. रंग मारला, नट आवळले, आणि खांब आहे तसाच ठेवला. पुरातून उभा राहिलेला खांब, त्याला काय होणार?

आता परत अक्काच्या फोनकडे येतो. नातू आता सोळा वर्षांचा आहे. उंच झालाय. उडी मारली की त्याची बोटं रिंगला लागतात, आणि मित्र जमले की लोंबकळणंही होतं, हे अक्का त्या रात्री हळूच बोलली.

साताऱ्याचा खांब तपासून झाल्यावर मी सांगलीची एसटी धरली. माझ्या खांबात निघालेला दोष माझाच होता. बुंध्याशी मी हौसेनं मोगऱ्याचा वाफा केला होता आणि ओली माती बारा महिने लोखंडाला चिकटलेली होती. खांब कुजतो तो नेहमी जमिनीच्या रेषेवर, वर कितीही रंग मारा. माती काढली, गंज खरवडला. आत लोखंड धड होतं. हातोडी मारली तर टणटणीत वाजला.

सांगलीत भाच्यानं हातोडी मारली आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आवाज बद्द आला. दुसऱ्या ठोक्याला हातोडीचं टोक आत गेलं. वेल्डिंगवाल्यानं त्या वेळी पाइपचं वरचं तोंड बंद केलं नव्हतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. आठ वर्षांचा पाऊस आणि दोन पुरांचं पाणी आत उतरून, बुंध्याशी साचून, तो आतून बाहेर कुजत आला होता. बाहेरून माझा ऑइलपेंट चकचकीत. त्या दिवशी शाळा सुटायच्या आत आम्ही खांब दोरांनी धरून आडवा केला. पोरगा घरी आला, मोकळं परस बघून चिडला. मी त्याला तुटका बुंधा दाखवला. त्यानं त्या भोकात बोट घालून बघितलं आणि आजीच्या शेजारी पायरीवर जाऊन बसला.

आठवड्याभरात नवा खड्डा खणला. या वेळी पाइपचं तोंड मी स्वतः शिडीवर चढून बघितलं, बंद आहे ना ते. बुंध्याशी काँक्रीट जमिनीच्या चार बोटं वर आणून त्याला चौफेर उतार दिला, पाणी थांबू नये म्हणून. मिस्त्री सांगलीचे, दंडक तोच: सात दिवस पाणी.

आठव्या दिवशी अक्काचा फोन. आधी गुडघ्यांची चौकशी झाली, मग थंडीची. मग म्हणाली, "पाणी मी स्वतः मारलं, सकाळ-संध्याकाळ. पोरगं रोज येऊन त्याला विचारतंय, वाळलास का म्हणून. पंधरा दिवसांनी ये. आणि येताना जाळी दोन आण."